तिसऱ्या फळीवरची बाटली

३ ऑगस्ट

ही वही मी मे महिन्यात घेतली. आज ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात पहिल्या पानावर माझं नाव आणि एका बोटीचं चित्र एवढंच झालं, आणि त्या बोटीचाही नांगर राहिलाच. रोज म्हणायचं, आज लिहू. मग खिडकीतून काहीतरी दिसतं आणि मी चालले. माझं सगळं असंच. स्ट्रॉबेरीच्या मळ्यातून उठले ती मासळी वाळवायच्या वाडीत, तिथून उठले ती इथे, मोक्पो बंदरात. आता चढाच्या पायथ्याशी बांग मालकांचं किराणा दुकान सांभाळते, माळ्यावर झोपते, आणि नोव्हेंबरात जेजू बेटावर संत्री तोडायला जायचं असं ठरवून ठेवलंय. हे कुणाला सांगितलेलं नाही.

आज लिहायला बसले ती मालसून मावशींमुळे.

दुपारी त्या एकट्याच आल्या, पांढरी काठी दाराला दोनदा आपटून. थंड पेयांच्या कपाटापुढे कितीतरी वेळ उभ्या होत्या. एक डबा काढायचा, झाकणावर बोट फिरवायचं, परत ठेवायचा. दुसरा काढायचा. मी गेले.

"काय हवंय मावशी?"

"भाताचं गोड पेय."

"हे नाही ते. हे द्राक्षाचं."

"असेल. यावर ठिपक्यांनी लिहिलंय 'पेय'. त्यावरही 'पेय'. पलीकडच्यावरही 'पेय'. मला काय वाटलं होतं, आत चप्पल असेल?"

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे असते तर नाकाला लावून वाचलं असतं."

हे म्हणजे दूशिक काका. त्यांना एका डोळ्याने थोडं दिसायचं, म्हणून बाजारहाट त्यांचा. मावशी मालिश करायच्या, ते सामान आणायचे. गेल्या शरदात वारले. मी त्यांना पाहिलेलं नाही. मालक सांगतात, दुकानात आले की प्रत्येक डब्याचा वास घेतल्यासारखे दिसायचे.

मी भाताचं पेय काढून हातात दिलं. मावशींनी ते कानाशी धरून हलवलं, आतले दाणे वाजले, तेव्हा पैसे दिले. मग जाता जाता म्हणाल्या, "उद्या तू नसलीस तर?"

मला वाटलं, जेजूचं यांना कसं कळलं?

९ ऑगस्ट

गोष्ट अशी आहे. मालकांनी सांगितली, थोडी मावशींनी.

वरच्या गल्लीतलं मावशींचं छोटं घर त्यांच्या थोरल्या दिरांच्या नावावर आहे. वडिलोपार्जित. दीर ग्वांगजूला राहतात. काका गेल्यावर ते म्हणाले, "आंधळ्या बाईने एकटीने राहायचं नाही, आमच्याकडे चल." मावशी म्हणाल्या, "मी इथेच." बरंच झालं म्हणे. शेवटी दीर म्हणाले, "ठीक आहे. पहिलं वर्षश्राद्ध तुझ्या घरी कर. सामान तू आण, मांडणी तू कर. नीट झालं तर राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही झालं तर घर विकतो."

श्राद्ध आहे सव्वीस सप्टेंबरला.

"यात काय एवढं?" मी म्हटलं. "मी आणून देते की सगळं."

"मग ते तू केलंस," मावशी म्हणाल्या. "दिरांनी विचारलं तर मी खोटं बोलू? आणि यांच्यासमोर?"

काका तर गेलेत. पण हे मी बोलले नाही.

मावशींकडे फोन आहे, तो वस्तू बघून बोलतो. आज आम्ही करून पाहिलं. सोया सॉसची बाटली समोर धरली. फोन म्हणाला, "एक बाटली. एक हात. मागे एक मांजर असावं." मांजर म्हणजे मालकांची टोपी. मालक दिवसभर टोपी काढून बसले.

१७ ऑगस्ट

मी ब्रेलचे ठिपके शिकतेय! मावशींनी काकांची पाटी आणि टोचा दिला. पाटीत पट्टी घालायची आणि उलट्या बाजूने टोचत जायचं, उजवीकडून डावीकडे, म्हणजे पलटली की सुलट उमटतं. डोकं फिरतं. पहिल्या दिवशी 'मीठ' टोचलं ते मावशींना वाचताच येईना. त्या म्हणाल्या, "हे मीठ असेल तर मी अळणीच जेवेन."

कल्पना माझी. दुकानातल्या फळ्यांच्या कडेला, जिथे किमतीची चिठ्ठी असते तिथे, ठिपक्यांच्या पट्ट्या चिकटवायच्या. पारदर्शक जाड पट्टी मिळते, दिसतही नाही. मावशी म्हणाल्या, "वस्तूंवरच लाव ना."

"रोज नवा माल येतो मावशी, मी किती टोचू? फळी बरी. फळी कुठे पळून जाते?"

त्यांनी थोडा विचार केला आणि हो म्हणाल्या.

मालक कुरकुरले. "दुकान आहे की शाळा? उद्या बहिरे येतील, तू गाणं म्हणशील?" पण पट्टीचे पैसे घेतले नाहीत.

३० ऑगस्ट

मधले दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे होतं, पण गोदीवर एक जुनी मच्छीमार बोट उलटी करून रंगवत होते आणि मी रोज तेच बघायला जायचे. बोटीचं पोट असं दिसतं हे मला माहीतच नव्हतं.

आज सगळ्या पट्ट्या लागल्या. मावशी आल्या. मी सरसावले तशा म्हणाल्या, "तू गल्ल्यावर बस. बोलायचं नाही."

डाव्या हाताने कड चाचपत चालल्या. तेल, मीठ, शेवया. एका जागी थांबल्या, मागे आल्या, पुन्हा वाचलं. मग हात वर नेऊन तिळाचं तेल काढलं. मी जाग्यावर चुळबुळत होते. मालक वर्तमानपत्रामागे लपून बघत होते, पान उलटायचंही विसरले होते.

गल्ल्यावर पिशवी ठेवली. तिळाचं तेल, भाताचं पेय, वाळवलेले जर्दाळू. सगळं बरोबर. मावशींनी पाकीट काढलं, आणि एकदम त्यांचा चेहरा वाकडा झाला, लहान मुलाचा होतो तसा. म्हणाल्या, "वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा काहीतरी निवडलं गं मी. आजवर लोकांनी दिलं ते घेतलं."

मी पैसे मोजून घेतले.  

जर्दाळू त्यांना लागणार नव्हते. नुसती पट्टी वाचली म्हणून घेतले.

२० सप्टेंबर

चुसोक सणाच्या भेटपेट्या आल्या. डबाबंद मांस, तेलाच्या जोड्या, साबण, सगळं सोनेरी कागदात. दरवर्षी या दिवसांत मालक वर्षाची अर्धी कमाई करतात. त्यामुळे हुकूम सुटला: मधल्या ओळीतलं सगळं एकेक फळी वर सरकव, खालच्या फळ्या पेट्यांना मोकळ्या कर.

सकाळपासून तेच. व्हिनेगर वर, सॉस वर. तिसऱ्या फळीपर्यंत पोचले आणि बंदरावर भोंगा झाला. एवढा लांब भोंगा मी कधी ऐकला नाही. पळाले. एक तरंगती क्रेन ओढून आणत होते, एवढी उंच की डोंगरावरचं देऊळ तिच्या दोन पायांमधून दिसत होतं. संध्याकाळपर्यंत तिथेच होते. परत आले तर राहिलेलं मालकांनी उरकलं होतं. नुसतं बघितलं माझ्याकडे. मग म्हणाले, "पुढच्या जन्मी तू सीगल हो."

दुकान मात्र छान दिसतंय. आणि माझ्या पट्ट्या एवढ्या हलवाहलवीत एकही निघाली नाही. मी मुद्दाम बघितलं. सगळ्या जागच्या जागी.

२६ सप्टेंबर

आज श्राद्ध. मावशी दुपारी आल्या, केस नीट बसवलेले, करड्या रंगाचा कोट. "आज तर मुळीच बोलायचं नाही."

गर्दी होती. लोक भेटपेट्यांवर तुटून पडलेले. मावशी त्यातून वाट काढत, कड चाचपत गेल्या. नासपती, सफरचंद, खजूर, सुकवलेला पोलॉक मासा. तिसऱ्या फळीपाशी वाकून एक बाटली घेतली.

गल्ल्यावर मी एकेक वस्तू यंत्रासमोरून नेली. पडद्यावर नावं उमटत गेली. बाटलीचं नाव आलं: स्वयंपाकाची दारू. म्हणजे मासा शिजवताना वास मारायला घालतात ती. मासा आहे तर लागणारच. श्राद्धात पेल्यात ओतायची निवळ दारू घेतली नव्हती, ती घरात असेल असं वाटलं. विचारणार होते, पण मागे रांग होती आणि मावशींनी दोनदा बजावलं होतं. पिशवी भरून दिली. त्या म्हणाल्या, "झालं. आता यांनी यावं."

तासाभराने एक मोठी गाडी थांबली. आतून एक बाई उतरल्या, दोन्ही हातांत गाठोडी, काखेतही एक. मावशींच्या जाऊबाई. पुढच्या जागेवर थोरले दीर, खिडकी वर केलेली. जाऊबाईंना उदबत्ती हवी होती. गाठोडी गल्ल्यावर ठेवली, तळलेले मासे, भाज्या, फळं, पळ्या-चमचेसुद्धा.

"मावशींनी सगळं आणलंय हो," मी म्हटलं.

"असू दे. वेळेला असावं. मी कधी कुणाकडे रिकाम्या हातांनी गेलेय?" मग त्यांचं बोट फळीच्या कडेला लागलं. "हे काय टोचलंय?"

मी सांगितलं. त्यांनी पट्टीवर बोट पुढे नेलं, मागे आणलं.

"मालसूनला हे वाचता येतं?"

"येतं की. आज त्यांनी सगळं एकट्यांनी घेतलं."

"आमच्याकडे तिच्यासाठी खोली रिकामी केली यांनी," जाऊबाई म्हणाल्या. "माझं शिलाईचं यंत्र आता गच्चीत आहे. पाऊस आला की मी आपली पळत सुटते." गाडीचा भोंगा वाजला. त्यांनी गाठोडी उचलली, एकही सोडली नाही.

२७ सप्टेंबर

मावशी आल्या नाहीत. कालचं नीट झालंच असणार.

२८ सप्टेंबर

नीट झालं नाही.

मालिश केंद्रातही गेल्या नाहीत म्हणून मी वर घरी गेले. मावशी ओसरीवर बसल्या होत्या, श्राद्धाचं उरलेलं सामान टोपलीत तसंच. तो मासाही.

"काय झालं मावशी?"

"बस."

त्यांनी सगळं सांगितलं, जसं दुसऱ्या कुणाचं सांगतात तसं.

मांडणी त्यांनीच केली. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, माशाचं तोंड पूर्वेला. जाऊबाईंची गाठोडी भिंतीशी न उघडता राहिली. काकांना आत येता यावं म्हणून दार किलकिलं ठेवलं. जाऊबाईंनी बाटली चौरंगाशेजारी आणून ठेवली, दिरांनी ती उघडली. पहिला पेला, नमस्कार. दुसरा. तिसरा. मावशी म्हणाल्या, "मला थोडा आल्याचा वास आला. पण उदबत्ती होती, मासा होता. आणि विधी चालू असताना बायकांनी मध्ये बोलायचं कुठे?"

विधी संपल्यावर प्रसाद म्हणून सगळ्यांनी घोट घेतला. दिरांनी तोंड वाकडं केलं. बाटली दिव्यापाशी नेली आणि वाचली.

"म्हणाले, 'माशाचा वास मारायची दारू भावाला पाजलीस.' जोरात नाही म्हणाले. जोरात म्हणाले असते तर बरं झालं असतं."

चुसोकच्या दुसऱ्या दिवशी ते सामानाची गाडी घेऊन येणार आहेत.

मग मावशी म्हणाल्या, "खोलीत दीर होते, दोन पुतणे होते, सुना होत्या. सगळ्यांना डोळे. त्यांनी तीनदा ओतली, तीनदा नमस्कार केला. वाचली केव्हा? कडू लागली तेव्हा."

"पण जाऊबाईंनी आणून ठेवली ना चौरंगाशी?"

"ठेवली. तीच बाटली त्यांच्या शेगडीशेजारी असते. मी राहिलेय तिथे, हाताने पुसलीय मी ती."

"मग त्यांना कसं दिसलं नाही?"

मावशींनी माझ्याकडे तोंड वळवलं. "तू सांग. तुला डोळे आहेत."

मी त्यांना विचारलं, तुम्हीच फोनला का नाही दाखवली बाटली?

"कशाला?" त्या म्हणाल्या. "पट्टीवर लिहिलं होतं ना 'निवळ दारू'."

तेव्हाही मला कळलं नाही, इतकी मी मूर्ख. खाली आले, दुकान बंद होतं. मधल्या ओळीत गेले, डोळे मिटले आणि कड चाचपत चालले, जशा मावशी चालतात तशी. तिसरी फळी. निवळ दारू. हात वर नेला. डोळे उघडले.

फळी कुठेच पळून गेली नव्हती. बाटल्या गेल्या होत्या. निवळ दारू एक फळी वर, आणि तिच्या जागी ही स्वयंपाकाची.

२९ सप्टेंबर

पिशवी भरली. त्यात काही भरायला वेळ लागत नाही.

मालकांना सांगितलं नाही. बोटीच्या धक्क्यावर गेले, जेजूची बोट दोनला होती. तिथे पेयांचं यंत्र आहे, काचेमागे डबे ओळीने. बटणांवर काही नाही, सपाट. मला तहान नव्हती. तरी डोळे मिटून एक बटण दाबलं. डबा खाली पडला. मी तो उचलला, आणि डोळे उघडायच्या आधी माझ्या बोटाने झाकणावरचं वाचून टाकलं: पेय. मी काही करत नव्हते. बोटानेच वाचलं.

बोट सुटली. मी बाकावर बसून तो डबा प्यायले. कसला होता ते आता आठवत नाही.

संध्याकाळी दुकानात परत आले तर मालक म्हणाले, "क्रेन गेली का?" मी हो म्हटलं.

१ ऑक्टोबर

मावशींना सांगितलं. मालिश केंद्राच्या जिन्यात, त्या जेवणाच्या सुट्टीत बाहेर आल्या होत्या तेव्हा. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही, नुसतं भराभर बोलले. भेटपेट्या, क्रेन, फळी. मावशी कठड्याला हात लावून ऐकत होत्या.

"यंत्रावर नाव आलं असेल," त्या म्हणाल्या.

"आलं होतं."

"वाचलंस?"

"वाचलं."

"मग?"

"तुम्ही म्हणाला होतात बोलायचं नाही."

"अगं, तू बोलली होतीसच!" त्या पहिल्यांदा ओरडल्या. वरून कुणीतरी डोकावलं. "फळीवर टोचून ठेवलंस ना? ते कोण बोललं? मी तुझ्यावर विश्वास ठेवून ती बाटली छातीशी धरून चढ चढले. रस्त्यात ते धोबिणीचं पोर मदतीला आलं तर त्याला म्हटलं, 'हात लावू नकोस, ही मी आणलीय.'"

मी म्हटलं, "मी दिरांना सांगते. आत्ता फोन करते. चूक माझी होती असं सांगते."

"आणि ते काय म्हणतील? 'बघ, कुणीही हिला काहीही देतं.' नको."

जिन्यात तेलाचा वास येत होता. मग त्या म्हणाल्या, "माझ्या वडिलांना मुलगी नको होती. मालसून म्हणजे शेवटची, आता पुरे. शाळेत घातलं ते आंधळ्यांच्या, धंदा लावला तो आंधळ्यांचा, नवरा शोधला तोही त्यातलाच. मी तक्रार केली नाही, नवरा चांगला निघाला. पण तुला सांगते, मला त्या जर्दाळूंची चव अजून आठवते."

"मावशी, मी पट्ट्या काढून टाकू?"

"काढ. आणि नीट लाव. चुसोकला यांच्या नावाचं पान मीच मांडणार. जायचंच असेल तर भरल्या पानावरून उठून जाईन." काठी चाचपत वर निघाल्या, अर्ध्या जिन्यात थांबल्या. "आणि हे बघ, विचारलं तर सांगायचं. पट्टी खोटी असेल तर न विचारता सांगायचं. समजलं?"

२ ऑक्टोबर

मालकांना काल कुणीतरी सगळं सांगितलं. सकाळी म्हणाले, "काढ त्या पट्ट्या सगळ्या. उद्या कुणी साबण खाल्ला तर मला धरतील."

मी म्हटलं, "काढतेच आहे."

दिवसभर काढल्या. दिवसभर लावल्या, एकेक वस्तू हातात घेऊन, नाव वाचून, मग पट्टी टोचून. बाहेर दोनदा भोंगा झाला. कसला ते माहीत नाही.

मालक मागे उभे होते. मी तिसऱ्या फळीला पोचले तसे म्हणाले, "ही निवळ दारू परत खाली आण, ती इथेच राहणार. चुसोक येवो नाहीतर पूर. दूशिक मला धाकट्या भावासारखा होता." आणि भेटपेट्यांचा एक ढीग स्वतः उचलून बाहेर फुटपाथवर नेला. तिथे ऊन लागून सोनेरी कागद पांढरे पडतील, त्यांना माहीत आहे.

५ ऑक्टोबर

मावशी आल्या. मी बोलले नाही. त्यांनी दिरांना फोन केला होता, पानाला या म्हणून. दीर म्हणाले, "सणाला आमच्या घरचं पान आहे, आईवडिलांचं. परवा येतोच आहे गाडी घेऊन." जाऊबाईंशी बोलणं झालं नाही, त्या भज्या तळत होत्या.

मावशींनी या वेळी प्रत्येक वस्तू दोनदा तपासली. पट्टी वाचायची, मग हलवायची, हुंगायची, बुडाचा काठ चाचपायचा. माझ्यावर आता तेवढा विश्वास नाही. ते बरोबर आहे, पण टोचलं.

तिसऱ्या फळीपाशी वाकल्या. बाटली काढली. उभ्या राहिल्या. माझ्याकडे तोंड वळवलं आणि काही न विचारता तशाच थांबल्या.

मला विचारलं नव्हतं. पट्टी खरी होती. नियमाप्रमाणे मी गप्प राहायला हवं होतं. मी गप्प राहिले.

मग त्यांनी बाटली पिशवीत घातली.

गल्ल्यावर मालकांनीच यंत्र हातात घेतलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात एकेक नाव वाचत सुटले, मावशींच्याच वस्तूंचं नाही, पुढच्या माणसाच्या साबणाचंही. तो माणूस म्हणाला, "मला दिसतं हो मालक." मालक म्हणाले, "तेच म्हणतात सगळे."

जाताना मावशी म्हणाल्या, "सकाळी ये. आत यायचं नाही, मदत करायची नाही. पण कुणीतरी असावं."

६ ऑक्टोबर, चुसोक

मला ओसरीवर बसवलंय. वही आणली ते बरं झालं, नाहीतर मी नक्की आत डोकावले असते. दार किलकिलं आहे, काकांसाठी. फटीतून तांदळाच्या सोंगप्योन करंज्या वाफवताना घातलेल्या पाइनच्या पानांचा वास येतो.

आत ताटल्यांचा आवाज. थांबतो. हात चौरंगाची लांबी मोजतोय असं वाटतं. पुन्हा एक ताटली. भाताच्या पेयाचा डबा कानाशी हलवल्याचा आवाज आला, मग तो ठेवल्याचा. तो काही पानावरचा पदार्थ नव्हे, पण काकांना आवडायचा.

गल्ली शांत आहे. सगळे आपापल्या घरी पानावर. खाली समुद्रात जेजूची बोट दिसते, सणाचीही जाते ती. उद्या गाडी येणार. भिंतीशी दोन खोकी आहेत, मावशींनी भरायला घेतलेली. एकात काकांची पाटी.

भरलेली दोन खोकी बघितली की मला आधी बरं वाटायचं.

आत दारूचा पेला ठेवला. आता बाटलीचं बूच. नाही, अजून नाही. मावशी काहीतरी पुटपुटताहेत, काकांशी असेल.

खाली वळणावर टॅक्सी थांबली. शेजारच्यांचे कुणी असतील.

नाही. इकडेच येताहेत. एक बाई, एकट्याच, भराभर चढताहेत, मधेच गुडघा धरून थांबतात.

जाऊबाई.

आज त्यांच्या घरी पान, थोरली सून त्या, आणि त्या इथे? मी उभी राहिले. नमस्कार केला. मागे बघितलं, दीर कुठेच नाहीत.

धापा टाकत पायरीशी थांबल्या. मला वाटलं गाठोडं टॅक्सीत राहिलं असेल, विचारलंसुद्धा. मान हलवली. एवढ्या लांबून, सणाच्या दिवशी, दोन्ही हात रिकामे. एक फळ नाही, मिठाईचा डबा नाही. या बाईला काय झालंय कोण जाणे.

आतून मावशी म्हणाल्या, "दानबी, कोण आलंय?"

मी सांगायच्या आतच जाऊबाईंनी किलकिलं दार धरलं आणि मला हळूच म्हटलं, "त्या दिवशी बाटली ओळखूनही मी बोलले नाही. अजून ओतली नाही ना?"